भिंतीच्या आधीचा आडोसा

वास्तुकलेचे विधिवत शिक्षण न घेतलेल्या एका स्त्रीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपले पहिले घर बांधावे आणि ते नव्या वास्तुकलेच्या अग्रपंक्तीत जाऊन बसावे, हे नवल वाटण्याजोगे खरे. परंतु आयलीन ग्रे यांच्या आयुष्याचा क्रम लावून पाहिला, म्हणजे त्या घराचा मसुदा त्यांच्या हातून कित्येक वर्षे आधीपासूनच, निराळ्याच रूपात, उतरत होता असे दिसते.

1878 साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ग्रेबाई लंडनला चित्रकला शिकून पुढे पॅरिसला स्थायिक झाल्या आणि सुगावारा नावाच्या जपानी कारागिराच्या हाताखाली लाखकाम शिकल्या. झाडाच्या चिकाचा पातळ थर द्यायचा, तो दमट खोलीत सुकवायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा, असे महिनोन्‌महिने चालणारे आणि हातांची कातडी उठवणारे ते काम. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमधील एका घराची सजावट करताना त्यांनी अरुंद मार्गिकेच्या भिंतीला लाखेच्या लहान तक्त्या लावल्या आणि मार्गिकेच्या टोकाशी त्याच तक्त्या भिंतीपासून काटकोनात वळवून सुट्या उभ्या केल्या. त्यातूनच, धातूच्या उभ्या दांड्यांवर फिरणाऱ्या तक्त्यांचे, पलीकडचे थोडे दाखवणारे आणि बरेचसे झाकणारे त्यांचे प्रसिद्ध पडदे निघाले. त्यांच्या वास्तुकलेचा आरंभ, माझ्या मते, या मार्गिकेत झाला.

1923 साली ल कॉर्ब्यूझिए यांनी घराला राहण्याचे यंत्र म्हटले, तेव्हा तरुण वास्तुकारांची मने त्या सिद्धांताने भारली गेली. रुमानियन संपादक-वास्तुकार झाँ बादोविची यांच्या आग्रहावरून ग्रेबाईंनी 1926 ते 1929 या काळात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्र्यून येथे ‘ई-1027’ हे घर उभारले, तेव्हा खांबांवर उचललेला मजला, सपाट छप्पर, आडव्या रुंद खिडक्या ही नवी सामग्री त्यांनी निःसंकोच स्वीकारली. यंत्राचा हुकूम मात्र मानला नाही. जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत शिरणाऱ्याची दृष्टी जशी थेट माजघरात पोहोचत नसे, तसा येथेही दारातून येणाऱ्याच्या वाटेत छत्र्या-टोप्या ठेवण्याचा एक आडोसा येतो, आणि तो ओलांडल्यावरच दिवाणखाना व समुद्र दिसतो. पेल्याबशांचा खणखणाट होऊ नये म्हणून मेजाला बुचाचे आच्छादन आहे. काचेच्या गोल मेजाचा पाय पलंगाखाली सरकतो आणि अंथरुणावर बसल्याबसल्या न्याहरी करता येईल अशी त्याची उंची कमीजास्त होते. (याच घराच्या विचारातून घडलेली त्यांची आरामखुर्ची इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यात पोहोचली, हा तपशील मराठी वाचकाला सुखावणारा आहे.)

पुढे ग्रेबाई ते घर सोडून गेल्या. 1938 मध्ये, बादोविचींच्या संमतीने पण ग्रेबाईंना न विचारता, ल कॉर्ब्यूझिए यांनी तेथील भिंतींवर भडक चित्रे रंगवण्यास आरंभ केला. या प्रकरणात सभ्यतेची चर्चा पुष्कळ होते. मला त्याहून गंभीर वाटते ते हे की, ज्या भिंतीने बाजूला राहून माणसाला एकांत द्यावा अशी योजना होती, तिलाच त्यांनी बोलके केले. त्या चित्रांच्या मोलामुळेच घराची निगा राखली गेली, हेही नाकारता येत नाही. कर्तृत्वाची नोंद मात्र दीर्घकाळ इतरांच्याच खाती पडत राहिली. 1968 साली जोसेफ रिकवर्ट यांनी ‘दोमुस’ नियतकालिकात लेख लिहून ती दुरुस्त करू घातली, तेव्हा नव्वदीच्या ग्रेबाई पॅरिसमधल्या आपल्या घरी अजून काम करीतच होत्या.