दिलेले आणि गृहीत धरलेले

यंत्रशाळेसाठी कोणते कॅम सॉफ्टवेअर घ्यावे याचा खल प्रदर्शनांच्या मांडवांतून आणि विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकांतून ज्या रीतीने चालतो, तीत एकच प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर मिळाले की चौकशी पुरी झाली असे उभय पक्ष समजतात: एक पॉकेट कोरण्याचा टूलपाथ किती क्लिकांत निघतो? याच्यात बारा, त्याच्यात सात, म्हणून तो श्रेष्ठ. ज्या आज्ञांवरून फिरता कटर पोलादाच्या ठोकळ्यावर उतरायचा आहे, त्या आज्ञा सिद्ध करणाऱ्या पडद्याची परीक्षा तर्जनीच्या श्रमांवरून व्हावी, आणि भोसरी-चाकणच्या जाणत्या कारखानदारांनीही ती निमूटपणे मान्य करावी, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

इतर मतांचा परामर्श थोडक्यात घेता येतो. चिन्हे सुबक असावीत, पडदा काळसर असावा, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. डोळ्यांना सुख होत असेल तर अवश्य होऊ द्यावे. एक कळ दाबताच सारा प्रोग्राम आपोआप तयार होईल असे सांगणाऱ्यांनी, तो पहिल्या जॉबवर चालवताना फीड होल्डवर बोट कोणी ठेवायचे, तेवढे आधी सांगावे. आणि हाताने जी-कोड लिहिण्याच्या काळाचे गोडवे गाणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढेच स्मरण द्यावे की, ‘एक्स १०’ लिहून पुढचे दशांशचिन्ह विसरणाऱ्याला त्या काळचे कित्येक कंट्रोलर दहा मिलिमीटरऐवजी दहा मायक्रॉन देत, आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

क्लिक मोजणारा पक्ष मात्र असा एका वाक्यात निकालात निघत नाही, कारण तो शास्त्राचा हवाला देतो. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० साली संगणकावरील कामाचा वेळ क्रियाक्रियांत विभागून मोजण्याची पद्धत मांडली. माउस इष्ट स्थळी नेण्यास १.१ सेकंद, पुढच्या कृतीसाठी मनाची जुळवाजुळव करण्यास १.३५ सेकंद, असे तिचे कोष्टक आहे. या कोष्टकाचा हवाला देणारे त्यातील दोन कलमे सोयीस्करपणे वगळतात. मनाची जुळवाजुळव ही माउस नेण्याहून महाग आहे हे पहिले कलम. तेव्हा चार क्लिक वाचवून वापरणाऱ्याला ‘आत काय ठरले असेल बरे’ या चिंतेत पाडणारी रचना त्यांच्याच हिशेबाने तोट्यात जाण्याचा संभव आहे. दुसरे कलम याहून गंभीर आहे. हा हिशेब तरबेज माणसाने, सरावाचे काम, एकही चूक न करता केले तरच लागू पडतो, ही अट मूळ लेखकांनीच घातलेली आहे. चूक हा विषयच ज्या मापनाच्या कक्षेबाहेर ठेवला, ते मापन चुकीचा दंड स्पिंडलच्या बेअरिंगांनी भरणाऱ्या धंद्यात प्रमाण मानायचे, यास काय म्हणावे?

यावर त्या पक्षाचे ठरलेले प्रत्युत्तर असे की, चूक झालीच तर सिम्युलेशनमध्ये दिसेल. हे प्रत्युत्तर मी इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने दिलेले ऐकले आहे की, त्याची नीट खातरजमा करणे प्राप्त आहे. सिम्युलेशन हा स्वतंत्र साक्षीदार नव्हे. प्रोग्राम ज्या गृहीतांवर रचला गेला, बहुतांशी त्याच गृहीतांवर तेही चालते. क्लॅम्पची पट्टी मॉडेलमध्ये काढलेलीच नसेल, तर पडद्यावरचा कटर त्या जागेतून निर्वेधपणे पार होईल. जी०० ची जलद हालचाल पडद्यावर बहुधा सरळ रेषेने दाखवली जाते. प्रत्यक्षात कित्येक यंत्रांवर प्रत्येक अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने सुटतो, ज्याला अंतर कमी तो आधी थांबतो, आणि वाट मध्येच मोडते. त्या मोडलेल्या वाटेवर फिक्श्चरचा कोपरा आला, तर सिम्युलेशनने दिलेली मंजुरी कोणाच्या उपयोगी पडावी? कंट्रोलरचे हे वळण ध्यानात घेणाऱ्या, पोस्ट झालेला कोड पुन्हा तपासणाऱ्या स्वतंत्र प्रणाली आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांनाही यंत्र, फिक्श्चर आणि टूल कोणीतरी सांगावेच लागतात, आणि न सांगितलेले तेथेही गृहीतच धरले जाते.

रोज नवा जॉब येणाऱ्या लहान कारखान्यात प्रोग्राम करण्याचा वेळ थेट खर्चाच्या बाजूस पडतो आणि तेथे क्लिकांनाही मोल आहे, हे मी नाकारीत नाही. पण असा जॉब प्रथमच आणि बहुधा एकदाच चालतो, म्हणजे गृहीतांची सर्वाधिक भीती तेथेच असते, हेही त्याच खात्यात मांडावयास हवे.

माझ्या मते इंटरफेसचे गुणावगुण एका भेदावर पारखावेत: प्रोग्राम करणाऱ्याने दिलेले मूल्य कोणते आणि प्रणालीने गृहीत धरलेले कोणते, हे पडद्याकडे पाहून कळते की नाही? १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत संख्यानियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, आणि पुढे डग्लस रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच घडवलेल्या ॲप्ट या भाषेची १९५९ च्या फेब्रुवारीत जाहीर ओळख करून देताना वार्ताहरांना यंत्रावर कोरलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे वाटली गेली, ही कथा सर्वश्रुत आहे. ती भाषा क्लिष्ट होती आणि तिच्याकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कटरचा व्यास, टॉलरन्स, फीड, स्पिंडलचा वेग, ज्याची त्याची स्वतंत्र ओळ असे, आणि सारा मजकूर एखाद्या दस्तऐवजासारखा वरून खाली वाचता येई. आजचे पडदे शतपट सोयीचे आहेत, पण त्यांचा मजकूर पाचसहा कप्प्यांत विखुरलेला असतो आणि त्याला हस्ताक्षर नसते. जुन्या कचेरीतील कारकून साहेबांच्या सहीसाठी मसुदा आणी, तेव्हा साहेबांनी सांगितलेले कोणते आणि आपण पदरचे घातलेले कोणते, हे समासात दाखवीत असे. ही अदब सॉफ्टवेअरला अजून आलेली नाही.

पॉकेटच्या उंचीचे उदाहरण घ्या. क्लिअरन्स, रिट्रॅक्ट, फीड, माथा आणि तळ अशा पाच उंच्या एका पानावर मांडलेल्या असतात. माणसाने पॉकेटच्या तळावर टिचकी मारून त्यांतील एक दिली. उरलेल्या चार प्रणालीने भरल्या. आणि पाचही एकाच ठशाच्या अक्षरांत, एकसारख्या चौकटींत, समान अधिकाराने विराजमान झाल्या. त्यांतील रिट्रॅक्ट कच्च्या मालाच्या माथ्यापासून मोजलेली, आणि तो माथा सेटअपच्या वेळी कोणीतरी टाकलेल्या जाडीवरून ठरलेला. शून्यबिंदू तळाशी घेतला आहे, रिट्रॅक्ट माथ्यावर पाच मिलिमीटर आहे आणि करवतीवरून ठोकळा सहा मिलिमीटर जास्त जाड आला आहे, एवढे जुळले की रिकाम्या हवेतून धावण्याची आज्ञा धातूतून धावते. येथे गणित कोठेही चुकलेले नाही. कटरच्या त्रिज्येइतकी वाट बाजूला सरकवणे, कोपऱ्यातील कंस जुळवणे, ही गणिते प्रणालीने मुकाट्याने करावीत, त्यांबद्दल कोणी तिला जाब विचारू नये. जाब विचारायचा तो निर्णयाबद्दल. पहिल्या जॉबला रॅपिड ओव्हरराइड पंचवीस टक्क्यांवर आणून सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवणारा सेटर भित्रा नसतो. पडद्याने लपवलेली गृहीते तो यंत्रापाशी उभा राहून एकेक करून शोधून काढीत असतो.

आता कठीण प्रकरण उरते ते टेम्प्लेटचे. कारखान्यातल्या जुन्या, अनुभवी प्रोग्रामरने मोठ्या विचाराने भरून ठेवलेली मूल्ये आज नवख्या मुलाच्या प्रोग्राममध्ये उतरतात; ती दिलेली म्हणावीत की गृहीत? विक्रेते त्यांना दिलेली मानतात, आणि वरवर पाहता ते रास्त दिसते, कारण ती कोणा माणसाने ठरवलेली आहेत. मला हे पटत नाही. ज्याने ती ठरवली त्याने हा ठोकळा पाहिलेला नाही, हा क्लॅम्प पाहिलेला नाही, आणि कदाचित तो आता नोकरीतही नाही. समोरचा जॉब पाहून कोणी त्यांना हात लावीपर्यंत ती गृहीतच समजावीत, वेगळ्या रंगात छापावीत, आणि त्यांच्या शेजारी ती कोणी व केव्हा ठरवली याचा शेरा असावा. याने पडद्यावर गर्दी होईल अशी तक्रार आहे. ती खरी असेल. मग सर्वत्र नको, निदान उंच्यांच्या त्या एका पानावर तरी ती गर्दी होऊ द्यावी.