आर्ट अँड क्राफ्ट



आपल्या मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकात 'आर्ट अँड क्राफ्ट' असा एक तास असतो. मुले ते एकाच शब्दासारखे म्हणतात. चित्र काढले की आर्ट आणि रंगीत कागद कापून फूल केले की क्राफ्ट, एवढाच फरक त्यांना ठाऊक. मोठ्यांच्या जगात मात्र हा फरक पैशाचा आणि मानाचा आहे. आर्ट भिंतीवर लागते आणि खाली चित्रकाराचे नाव येते. क्राफ्ट डझनावर विकले जाते आणि ते कोणी केले हे कोणी विचारत नाही.

गंमत अशी की ही जोडी जुळवली गेली ती अगदी उलट हेतूने. १८८७ साली लंडनमध्ये 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी' स्थापन झाली. कारखान्यातून ढीगभर माल निघू लागला होता, त्या काळात सुतार, विणकर, कुंभार यांना चित्रकाराच्या शेजारी समान आसनावर बसवावे, असा त्या मंडळींचा आग्रह होता. त्याआधी कित्येक शतके लॅटिन भाषेत दोन्हींना मिळून 'आर्स' हा एकच शब्द पुरत होता. आपल्याकडच्या चौसष्ट कलांतही गाण्याबरोबर सुतारकाम आहे आणि हार गुंफणेही आहे. जोडणारा 'अँड' पुढे दोघांना वेगळे करणारा कसा झाला, हे सांगायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. आपले गंजाड पुरेसे आहे.

वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो लिहितात सवाशिणी. शेण-गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी, एवढेच त्यांचे साहित्य. लग्न होते, पावसाळा येतो, चौक पुसट होतो. कोणा बाईने त्याखाली आपले नाव लिहिल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात फिरले आणि त्यांनी इथल्या लोकांच्या हाती कागद व रंग दिले. त्यांतून पुढे आले गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. बायकांचे मानले गेलेले काम या पुरुषाने रोजचे काम केले. लग्न असो वा नसो, ते काढत राहिले: मासेमारीचे जाळे, मुंग्या, भातलावणी, तारपा नाच. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि २०११ साली पद्मश्री आली. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने ते आर्ट ठरले. तीच रेषा दुसऱ्या कोणाच्या हातून साडीच्या काठावर, डायरीच्या पुठ्ठ्यावर किंवा चहाच्या कपावर उतरली की ते क्राफ्ट. सरकारच्या भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीतही वारली चित्रे 'हस्तकला' या सदराखाली आहेत. आम्हाला वाटते, फरक हातात नाही, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात आणि बहुधा खिशातही आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना एक पत्र लिहिले. त्यात ते म्हणतात की शून्यातून निर्माण करणे हे फक्त देवाचे काम. माणूस, मग तो कितीही मोठा कलावंत असो, आधीच असलेल्या वस्तूला आकार आणि अर्थ देतो, म्हणजे तो कारागीर आहे. हे मान्य केले तर वरची आणि खालची पायरी उरतच नाही. निर्गम ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेलला नाव घेऊन बोलावतो आणि सोने, लाकूड, दगड यांचे काम करण्यासाठी त्याला आपल्या आत्म्याने भरतो. मात्र त्याच ग्रंथात, पस्तिसाव्या अध्यायात, सूत कातून आणणाऱ्या कुशल स्त्रियाही आहेत आणि त्यांची नावे दिलेली नाहीत. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची आठवण आम्हाला तिथे होते.

आता आमचीच गोष्ट. गेल्या नाताळात गोठ्यामागची भिंत पाड्यावरच्या एका आईने आणि तिच्या मुलीने रंगवली. चार दिवस लागले. मेंढपाळ, तारा, गाई, सगळे वारली रेषेत. लोकांनी फोटो काढले. शेजारी शुभेच्छांचा फ्लेक्स लावला होता, त्याच्या छपाईचे बिल आम्ही त्याच संध्याकाळी चुकते केले. मायलेकींना एक साडी आणि केकचा डबा दिला. कोणाला वाईट वाटले नाही, हेच आता खटकते. फ्लेक्स हे 'काम' होते आणि भिंत ही 'हौस'. दिवसाची मजुरी तरी द्यावी, हे आमच्या मनातही आले नाही. 'त्यांना येतंच की ते' हे वाक्य आमच्यातल्याच कोणीतरी म्हटले होते आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती. येते म्हणून फुकट, हा हिशेब आपण गवंड्याला किंवा डॉक्टरला लावत नाही.

महिनाभराने आम्ही मुलीला म्हटले, निदान कोपऱ्यात तुमची नावे तरी लिही. तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "नाव कशाला? आमच्यात लिहीत नाहीत." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. नाव लावणे म्हणजे मान देणे, ही समजूतही कदाचित आम्ही त्या आर्टवाल्यांकडूनच घेतली असेल. तिच्या दृष्टीने चौक देवीचा, मग गोठा बाळ येशूचा, त्यात आपले नाव कुठे बसवायचे? पण मजुरीचा विषय निघाला तेव्हा ती 'नको' म्हणाली नाही. गप्प राहिली.

भिंतीवर अजून नाव नाही. मजुरीचा विषय पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत ठेवला आहे. चार दिवस आणि दोन माणसे, असे आम्ही कागदावर लिहून ठेवले आहे.