डोंगराचा डीपीआर

बेळगावजवळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीत. सिद्धेश्वराचं देऊळ, खोल विहिरी, पडकी तटबंदी आणि कानाशी भणभणणारा वारा. खाली भाताची शेतं, त्यांचे बांध चौकटीच्या वहीसारखे. इथं बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर मास्तरांनाही पटकन सांगता आलं नसतं. आम्ही तटाच्या सावलीत दशम्या खाल्ल्या आणि उतरलो.

2023 च्या मार्चमध्ये त्याच गडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. 2 तारखेला भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी केलं, 5 तारखेला काँग्रेसवाल्यांनी पुन्हा केलं. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. महाराज एक, अनावरणं दोन. त्या आठवड्यात गडाविषयी सगळे बोलत होते आणि तटबंदीविषयी कुणीच नाही.

गड, डोंगर, रान राखायचं म्हणजे काय, याची आपली कल्पना कशी बदलत गेली हे मी तेव्हापासून मनाशी जुळवतो आहे. जुनी कल्पना साधी होती: डोंगर देवाचा. निपाणीजवळ आडीचा मल्लिकार्जुन आहे, स्तवनिधीचं जैन तीर्थ आहे, खानापूरच्या रानात देवराया आहेत. तिथली फांदी तोडायला माणूस भीत असे. त्या काळाचे फार गोडवे मात्र मी गाणार नाही. देवाच्या जागेत सगळ्यांनाच पाऊल टाकता येत नव्हतं. 1925 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद निपाणीत भरली, ती काही उगाच नव्हे.

मग इंग्रज आले आणि डोंगर सरकारचा झाला. 1878 चा जंगल कायदा आला, कुमरी, म्हणजे रान जाळून करायच्या शेतीवर बंधनं आली. 1904 च्या कायद्यानं जुन्या वास्तूंना संरक्षण मिळालं. राखण्याचं काम कागदावर गेलं आणि कागदाबरोबर कुंपणही आलं. एक गोष्ट तेव्हा रुजली ती अजून निघालेली नाही: राखायची जागा वेगळी, जगायची जागा वेगळी.

थीम पार्क ही त्यानंतरची पायरी. 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. आपल्याकडे 1989 साली गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. त्यात एक प्रामाणिकपणा होता हे कबूल करायला हवं. खोटा डोंगर खोटा म्हणूनच उभा असायचा, तिकीट काढून आरडाओरडा करायचा आणि घरी यायचं. भांडण सुरू झालं ते खऱ्या जागेच्या शेजारी खोटी जागा येऊ लागली तेव्हा. डिस्नेनं 1993 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, यादवी युद्धाच्या मनॅसस रणभूमीपासून काही मैलांवर, इतिहासाचं पार्क काढायचं ठरवलं. इतिहासकार आणि स्थानिक लोक उठले आणि 1994 च्या सप्टेंबरात कंपनीनं तो बेत सोडला. पार्कात इतिहासाचं काय होईल, ही काळजी होतीच. पण पार्कामागून येणारे रस्ते, हॉटेलं आणि दुकानं आजूबाजूचं शिवार गिळतील, हा आक्षेपही तितकाच मोठा होता.

ही हकिगत वाचली तेव्हा मला वाटायचं, धोका कंपनीचा आहे. बेळगावनं माझी ही समजूत मोडली. इथं कंपनी यावीच लागत नाही. निधी, आमदार आणि कंत्राटदार तेवढे पुरतात. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आलं आणि टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतही, म्हणजे देवीची लस जिथं तयार व्हायची त्या झाडीच्या आवारात, कामं निघाली. शहराला मोकळा श्वास देणारी जागा सजवायची कशाला, म्हणून लोक भांडले. निपाणीच्या रस्त्यावर भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय आहे. 2025 च्या नोव्हेंबरात तिथली तीसच्या आसपास काळवीटं घटसर्पानं गेली. काळवीट हा उघड्या माळावरचा प्राणी. माळ आपण पडीक म्हणून खात्यावर मांडतो आणि काळवीट जाळीआड बघायला जातो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात याला आणखी एक पीळ आहे. गडावर सिमेंट नको म्हणालात की पहिला प्रश्न येतो, महाराजांना विरोध का? तिकडं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या नावावरच्या कामाबद्दल शंका काढली की, कन्नडला विरोध का? म्हणून दोन्हीकडचे शहाणे गप्प बसतात आणि पुतळ्यांची उंची वाढत राहते. संगोळ्ळीला रायण्णाच्या आयुष्यातले प्रसंग पुतळ्यांतून मांडलेली बाग आहे. मुलांना ती आवडते, आवडू दे. पण 1831 साली ज्याला नंदगडला फाशी दिलं, त्याच्या समाधीवरचा वड तिथं अजून उभा आहे. सोबत्यानं लावलेलं रोप, असं लोक सांगतात. लोक येतात, नवस बोलतात. त्या वडाखाली मला रायण्णा जास्त कळला. माझ्या मराठी मित्रांना हे वाक्य आवडणार नाही, पण ते खरं आहे.

पर्यटन नकोच, असं म्हणण्याची मला सोय नाही. खानापूरची पोरं कामासाठी गोव्यात जातात. त्यांना गावातच दोन पैसे मिळाले तर कुणाला नको आहे? पण भीमगडचं उदाहरण घ्या. 2011 मध्ये ते अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळांसाठी जगभरचे अभ्यासक भीमगडचं नाव घेतात. शेजारीच म्हादईचा उगम. त्याच रानातल्या आमगावातून आजारी माणसाला पावसाळ्यात डोलीतून, खांद्यावर आणावं लागतं, कारण रस्ता देता येत नाही, जंगल आहे. आणि त्याच जंगलात सफारीची भाषा होते. रुग्णाला आडवा येणारा कायदा पर्यटकाच्या जीपला वाट देणार असेल, तर राखण कुणासाठी चालली आहे ते उघड आहे.

तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकांना एक काम सांगतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या पंचायतीत जाऊन ती मागा. नसेल तर करायला लावा. आपली देवराई, पाणवठा, गडावरची विहीर, गुरं चरतात तो माळ, सगळं नावानिशी, गट नंबरासह तीत लिहवून घ्या. डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, यायच्या आधी.