चार चाकांचा धीर

माणसाचा धीर नेमका कुठे असतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार जुना करून ठेवला आहे. कोणी म्हणतं छातीत, कोणी म्हणतं बुद्धीत. आमच्या साडूंचा धीर मात्र गाडीच्या गिअरशेजारी जी दुसरी एक आखूड दांडी असते, तिच्यात आहे. ती दांडी पुढे ढकलली की गाडीची चारही चाकं चालायला लागतात आणि साडूंचा आवाज एक पट्टी वर चढतो. एरवी हा गृहस्थ इतका भिडस्त, की भाजीवाल्यानं सडका टोमॅटो टाकला तरी "असू दे, एखादा निघतोच" म्हणून पैसे देऊन येतो. पण फोर बाय फोर टाकल्यावर तोच माणूस काचेतून सोलापूर रस्त्याकडे असा बघतो, की तो रस्ता वाडवडिलांनी त्याच्या नावावर करून ठेवलाय.

ॲरिस्टॉटलनं सांगितलं होतं, की एका टोकाला भ्याडपणा, दुसऱ्या टोकाला अविचार आणि या दोहोंच्या मधे धैर्य. त्याचं सोपं होतं. त्याच्या काळी धीर माणसाला स्वतः गोळा करावा लागे. हप्त्यानं मिळत नसे. आता पैसे भरून विकत आणलेला जो धीर असतो, त्याला या तिन्हींपैकी कोणत्या खणात ठेवायचं? साडूंची गाडी आल्यापासून मी या प्रश्नावर विचार करतोय. साडूंचा विचार करून झालेला आहे. त्यांच्या मते मी मत्सरी आहे.

हिवाळ्यातले रस्ते म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. मनालीला जाऊन आलेला प्रत्येक मराठी माणूस सांगतो, की अटल बोगद्याच्या बाजूला बर्फ पडला, की पोलीस फक्त फोर बाय फोर नाहीतर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या पुढे सोडतात. आमचा एक भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तो फोनवर दर जानेवारीत डांबरावरच्या न दिसणाऱ्या बर्फाचं वर्णन अशा काही अभिमानानं करतो, की तो बर्फ त्यानंच पाडलाय. भिगवणला बर्फ दिसतो तो मासळीच्या पेट्यांत. म्हणून "आमच्याकडे काय हिवाळा!" असं म्हणून लोक निश्चिंत असतात.

पण पुण्याहून शंभरएक किलोमीटरवर, उजनीच्या फुगवट्याला लागून असलेल्या या गावचा हिवाळा वाटतो तेवढा सज्जन नाही. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी इथपर्यंत येऊन पसरलं. त्या पाण्यामुळे ऊस आला, मासे आले, पक्षी आले, पक्षी बघायला आमचे साडू आले. आणि त्याच पाण्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुकंही येतं. पाण्यावरून उठतं आणि सावकाश, गावच्या पाहुण्यासारखं, रस्त्यावर येऊन बसतं. त्याच सुमाराला कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो. शेतातून निघालेला ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्रॉल्या ओढत डांबरावर चढतो, तेव्हा चाकांबरोबर शेतातली काळी मातीही घेऊन येतो. तिच्यावर रात्रभर दव पडतं. पहाटे त्या ठिकाणी जे तयार होतं, त्याला नाव नाही. पण मिनेसोटाच्या बर्फानं त्याला आडनाव विचारायला हरकत नाही. वर उसाची वाढी सांडलेली. समोर धुकं. आणि त्या धुक्यात कुठेतरी मागे दिवा नसलेली उसाची बैलगाडी.

अशा रस्त्यावर साडू म्हणतात, "काळजी करू नका, फोर बाय फोर आहे."

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगणं भाग आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळाली, की गाडी निसरड्यावरून निघू शकते, चढू शकते, चिखलातून पुढे सरकू शकते. दोन चाकं जागच्या जागी गरगरली तरी उरलेली दोन ढकलतात. १९४१च्या सुमाराला अमेरिकन सैन्यासाठी जीप निघाली ती याच गुणावर, आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबईत महिंद्रांनी ती जुळवायला घेतली तीही याच गुणावर. पण ही सगळी जाण्याची विद्या झाली. थांबण्याच्या विद्येत या गाडीला एकही जादा धडा शिकवलेला नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर, आणि ती पकड चिखलानं धरली तर धरली. उलट ही गाडी अंगानं भारी. साध्या गाडीचं चाक निसरड्यावर सटकलं, की चालवणाऱ्याला निदान सूचना मिळते, "बाबा रे, जपून." फोर बाय फोरवाल्याला ही सूचना मिळतच नाही. गाडी गुमान वेग घेते, आणि रस्ता निसरडा आहे ही बातमी त्याला पहिल्यांदा समजते ती ब्रेकवर पाय पडल्यावर. तोवर बातमी शिळी झालेली असते.

हिशेबच करायचा तर ताशी ऐंशी किलोमीटरला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. म्हणजे "अरे, बैलगाडी!" हे मनात येऊन पाय ब्रेकवर पोचेपर्यंत बावीस मीटर संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर आणखी पस्तीसएक मीटर, आणि चिखल-दवावर त्याच्या दुप्पट. धुक्यात दिसतं तीस मीटर. वेग दुप्पट केला तर ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण शाळेत शिकवलेलं रस्त्यावर वापरायची आपल्यात पद्धत नाही. मी हा हिशेब साडूंना कागदावर करून दाखवला. त्यांनी तो कागद लक्षपूर्वक वाचला आणि म्हणाले, "हे साध्या गाडीचं झालं."

आता ही वृत्ती एकट्या साडूंची असती, तर मी कौटुंबिक दुःख म्हणून गप्प बसलो असतो. पण सारी मनुष्यजातच आमची साडू आहे. शिकागो विद्यापीठाचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असा सिद्धांत मांडला, की मोटारी सुरक्षित करण्याचे कायदे झाले, तेव्हा लोकांनी त्या सुरक्षिततेचा बराचसा भाग जोरात गाडी हाकण्यात खर्चून टाकला. त्यावर पंडितांची भांडणं झाली, अजून मिटलेली नाहीत. पुढे म्युनिकमध्ये काही टॅक्सींना चाक न अडकणारे नवे ब्रेक बसवले आणि काहींना नाही. नवे ब्रेकवाले चालक वळणं जास्त तिखट घेऊ लागले, पुढच्या गाडीच्या जास्त जवळ जाऊ लागले. अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सगळ्यात गंमत स्वीडनची. तिथे ३ सप्टेंबर १९६७ रोजी सबंध देशाची वाहतूक एका दिवसात डावीकडून उजवीकडे नेली. आता रोज रस्त्यावर प्रेतं पडणार, या भीतीनं लोक इतके जपून चालवू लागले, की अपघात कमीच झाले. मग हळूहळू सवय झाली, भीती गेली आणि अपघात होते तिथे परत आले.

म्हणजे सुरक्षितता ही आपण बचत खात्यातल्या पैशासारखी वापरतो. आली की खर्च. साडू म्हणाले, "मग काय, पट्टे कापून टाकायचे? हेल्मेटं फोडायची?" मुद्दा बिनतोड होता. पट्ट्यानं जीव वाचतात, हेल्मेटनं वाचतात, चांगल्या ब्रेकनंही वाचतात. ते काढा असं फक्त वेडाच म्हणेल. यंत्राशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न एवढाच, की ही जी जादाची सुरक्षितता विकत आणली, ती खर्च करताना बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं?

हाच मला यातला खरा नैतिक पेच वाटतो. साडू आपल्या बचतीतून वेग विकत घेतात, पण त्यांच्या गाडीत पुढे हवेच्या पिशव्या आहेत, पट्टे आहेत, चहूबाजूंनी पोलाद आहे. समोरच्या बैलगाडीत उसाच्या मोळ्यांवर बीडकडून आलेलं एक जोडपं आहे. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. माणसं दोन, नग एक. त्यांच्याजवळ हवेची पिशवी नाही. मागे बांधलेली एक लाल चिंधी आहे, आणि पहाटे साडेपाचला धुक्यात लाल रंगही राखाडीच असतो. म्हणजे धाडस एकाचं आणि जोखीम दुसऱ्याची. स्वतःच्या जिवावर उदार होणं याला आपण शौर्य म्हणतो. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं याला अजून चांगला शब्द मराठीत तयार झालेला नाही, तोवर 'ड्रायव्हिंग' वापरावा.

यावर कोणी म्हणेल, बैलगाडीवाल्यानं दिवा का लावू नये? लावावाच. कारखान्यांनी परावर्तक पट्ट्या चिकटवाव्यात, ट्रॉलीच्या मागं चमकणारं कापड बांधावं. कुठे कुठे ते होतंही. पण दोघांच्या चुका समान धरायला मला जड जातं. एकाला थांबायची सोय आहे, दुसऱ्याला थांबायची परवानगी नाही. उसाची खेप वेळेवर पोचली नाही तर तोडीचे पैसे थांबतात. ज्याच्या हातात जास्त आहे त्यानं जास्त सांभाळावं, हा नियम आपल्याला घरात पटतो. दूध ऊतू जायला लागलं तर शेगडीजवळ उभा असलेला धावतो, न्हाणीत असलेला नाही. रस्त्यावर आलो की आपण न्हाणीतल्याला दोष देतो.

चार चाकांची गाडी माणसाला शहाणपण शिकवते, पण फी घेऊन. गेल्या फेब्रुवारीत कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी आल्याची बातमी लागली. पाणी मागे सरकलं, की काठची जमीन वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते. खाली लोणी असतं. आम्ही सगळे लांब उतरलो. साडू म्हणाले, "तुम्ही चाला, मी गाडी घेऊन येतो." साधी गाडी काठावर रुतते. फोर बाय फोर आत जाऊन रुतते. साठएक पावलं आत गेल्यावर चारही चाकं एकदम बसली. चाकं नुसती फिरवत राहू नयेत, त्यानं खड्डा खोल होतो, हे पुस्तकात असतं. साडूंनी ती दहा मिनिटं फिरवली. पलीकडे ते तीन-चार किलोचे पक्षी काडीसारख्या पायांवर, बोटांमधले पडदे पसरून त्याच चिखलात आरामात हिंडत होते. वजन पसरून टाकायचं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. आपल्याकडे त्यासाठी टायरमधली हवा थोडी कमी करावी लागते, आणि ती आत शिरण्याआधी.

एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"पावनं, ही गाडी चारी चाकांनी चालती म्हनं?"

"हो," साडू म्हणाले.

"तरीच चारी गेली."

मग त्यानं लांबलचक दोर काढला. साडूंनी त्याला ट्रॅक्टर जवळ आणायला सांगितलं, म्हणाले, "तुमचाही फोर बाय फोरच दिसतोय की." शेतकरी हसला. "हाय ना. पन त्यो हितंच हुबा ऱ्हानार. त्योबी गेला तर त्याला वढाया कोन येनार?" ॲरिस्टॉटलच्या मधल्या खणात ठेवावा असा माणूस त्या दिवशी मी पाहिला. घट्ट जमिनीवर उभं राहून, लहान गिअर टाकून, एकही झटका न देता त्यानं गाडी बाहेर काढली. डिझेलपुरते पैसे घेतले, ते सुद्धा साडूंनी तिसऱ्यांदा म्हटल्यावर.

फरक पडलाय, हे साडूंच्या न्यायासाठी सांगितलं पाहिजे. कोरडं डांबर लागलं की ते आता दांडी मागे ओढतात. त्यांच्या गाडीची पुढची-मागची चाकं त्या दांडीनं एकमेकांना जखडली जातात, आणि वळणावर पुढच्या चाकांना अंतर जास्त कापायचं असल्यानं सगळी यंत्रणा पिळवटते, हे त्यांना मेकॅनिकनं बिल देऊन पटवलं आहे. धुक्यात ते मोठा दिवा लावत नाहीत. त्याचा उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

यंदा डिसेंबरात आम्ही पहाटे भिगवणहून बारामतीकडे निघालो. गाव सोडलं आणि पुढे पांढरी भिंत. साडू तिशीवर आले, मग विशीवर. एकाएकी समोर उसाची वाढी हलताना दिसली. साडूंनी हळू ब्रेक लावला, गाडी जराशी घसरली आणि थांबली. मधे चार-पाच गाड्या मावतील इतकं अंतर उरलं होतं. बैलगाडीच्या माथ्यावर मोळ्यांत खोचून बसलेली एक बाई, मांडीवर पोर, पोराच्या डोक्याला कानटोपी. तिनं आमच्या दिव्यांकडे पाहिलं आणि पदर पोराच्या तोंडावर ओढला, उजेड लागू नये म्हणून.

समोरून काही येतंय की नाही दिसत नव्हतं. दोनेक किलोमीटर आम्ही बैलांच्या वेगानं, त्यांच्या घुंगरांच्या तालावर गेलो. मागून एक दुसरी मोठी गाडी आली, हॉर्न वाजवत राहिली. साडूंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिला मागेच थांबायची खूण केली. भाजीवाल्यालाही न बोलणारा माणूस!

"या वेगानं पोह्यांना नाही, जेवणालाच पोचू," मेहुणीबाई मागून म्हणाल्या.

"जेवूच की," साडू म्हणाले, आणि थर्मास मागितला.