धावफलकाबाहेरचे रुसी सुरती

भारताकडून २६ कसोटी सामने खेळलेले रुसी सुरती जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत निवर्तले, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते आणि त्यांच्या अखेरच्या कसोटीला ४३ वर्षे उलटून गेली होती. २५ मे १९३६ रोजी सुरतमध्ये जन्मलेल्या या पारशी खेळाडूचे नाव नव्या पिढीला ठाऊक नव्हते यात नवल नाही. नवल असलेच तर ते याचे, की ज्यांनी त्यांना मैदानावर पाहिले किंवा रेडिओवर ऐकले त्यांच्या स्मरणातले सुरती आणि आकडेवारीच्या पुस्तकातले सुरती हे दोन निराळे खेळाडू वाटावेत. अशी तफावत दिसली की जुन्या चाहत्यांची आठवण हळवेपणाच्या खाती टाकायची आणि आकड्यांचा शब्द अखेरचा मानायचा, ही क्रिकेटच्या चर्चेतली रूढ रीत आहे. सुरतींच्या बाबतीत ती रीत अपुरी ठरते, कारण येथे आठवण हाच अधिक भरवशाचा पुरावा आहे.

आकडे प्रथम पाहिले पाहिजेत. सुरतींनी कसोटीत २८.७० च्या सरासरीने १२६३ धावा केल्या, ४६.७१ च्या सरासरीने ४२ बळी घेतले आणि २६ झेल टिपले. अष्टपैलू खेळाडूची, म्हणजे फलंदाज आणि गोलंदाज अशा दोन्ही नात्यांनी संघात स्थान मिळवणाऱ्याची, पारख करताना त्याची फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीहून जास्त असावी असा एक ढोबळ निकष लावला जातो, आणि त्या निकषावर सुरती सपशेल नापास होतात. परंतु हा निकष कोणत्या संघातल्या कोणत्या कामाला लावला जात आहे, हे तो स्वतः सांगत नाही. साठच्या दशकातील भारतीय संघात खऱ्या अर्थाने वेगवान म्हणावा असा गोलंदाज जवळजवळ नव्हता. सारी भिस्त फिरकीवर होती, आणि फिरकी गोलंदाजाच्या हाती चेंडू जाण्यापूर्वी त्याची लकाकी उतरवणे हे कोणाला तरी करावेच लागणारे, श्रेय न देणारे काम होते. डाव्या हाताने मध्यमगती मारा करणाऱ्या सुरतींवर ते वारंवार येऊन पडले, आणि चेंडू जुना झाल्यावर त्याच हाताने मंदगती फिरकी टाकण्याचेही. दुसऱ्याच्या बळींसाठी भूमी तयार करणाऱ्याची सरासरी देखणी राहत नाही.

१९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड दौऱ्यात हे स्पष्ट दिसते. त्या दौऱ्यातील आठ कसोटींत एरापल्ली प्रसन्ना यांनी ४९ बळी मिळवले, आणि ती कामगिरी भारतीय फिरकीच्या इतिहासात रास्तपणे अढळ झाली आहे. त्याच आठ कसोटींत सुरतींनी ६८८ धावा आणि २२ बळी अशी दुहेरी कमाई केली. अ‍ॅडलेडच्या पहिल्या कसोटीत दोन्ही डावांत अर्धशतक आणि ७४ धावांत ५ बळी असा त्यांचा खेळ होता, तरी भारत हरला. ब्रिस्बेनला पुन्हा दोन अर्धशतके झाली, भारत ३९ धावांनी हरला. मालिका ४-० अशी गेली. लगेच पुढे न्यूझीलंडमध्ये मन्सूर अली खान पतौडी यांच्या संघाने ३-१ असा विजय मिळवला, जो परदेशातील भारताचा पहिला मालिकाविजय होय. त्यातील ऑकलंडच्या कसोटीत, दुसऱ्या डावात, सुरती ९९ धावांवर बाद झाले. कसोटी शतक त्यांच्या नावावर कधीच लागले नाही.

हा ९९ चा आकडा त्यांच्या नावाला असा चिकटला की त्यांच्याविषयीचा कोणताही मजकूर त्याच्यावाचून पुरा होत नाही. शेन वॉर्न यांचीही कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या ९९ हीच आहे, पण सातशेहून अधिक बळी घेणाऱ्याच्या बाबतीत ती निव्वळ गंमत ठरते. मोठ्या खेळाडूची उणीव किस्सा होते आणि लहान मानल्या गेलेल्याची उणीव ओळख होते. शिवाय ती ऑकलंडची खेळी भारतात कोणीच पाहिली नव्हती. त्या वेळी दूरदर्शन दिल्लीपुरते होते आणि दौऱ्याची हकीकत लोकांपर्यंत पोहोचत असे ती रेडिओच्या खरखरीतून आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून.

घरच्या मैदानावर ज्यांनी सुरतींना प्रत्यक्ष पाहिले ते प्रेक्षक त्यांच्या क्षेत्ररक्षणाविषयी बोलत, मग ते यष्टीजवळचे असो की कव्हरमधले, आणि नेमकी हीच गोष्ट धावफलकावर उमटत नाही. झेल मोजले जातात, अडवलेल्या धावा मोजल्या जात नाहीत. क्षेत्ररक्षक तेथे उभा आहे म्हणून फलंदाजाने न घेतलेली धाव तर, व्यापाऱ्याच्या वहीत न बुडालेल्या पैशाची नोंद नसावी तशी, कुठेच सापडत नाही. आज कॅमेरे आणि संगणक हा हिशेब ठेवू लागले आहेत. सुरतींच्या काळी तो फक्त प्रेक्षकांच्या डोळ्यांत होता.

चाहत्यांची स्मृती निर्दोष असते असे मात्र मुळीच नव्हे. सुरतींना ‘गरिबांचा सोबर्स’ हे टोपणनाव मिळाले, कारण वेस्ट इंडीजचे गारफिल्ड सोबर्स यांच्याप्रमाणेच ते डावखुरे फलंदाज, डाव्या हाताने दोन प्रकारची गोलंदाजी करणारे आणि चपळ क्षेत्ररक्षक होते. या नावाने त्यांना विस्मरणातून वाचवले हे खरे, पण ज्याची कसोटी सरासरी ५७.७८ होती त्याच्या सावलीत कायमचे उभे करून त्यांना खुजेही केले. प्रेमाने दिलेली उपाधी कधी कधी टीकेपेक्षा जास्त नुकसान करते.

सुरतींची आठवण विखुरली त्याला आणखी एक कारण आहे. ते गुजरातकडून खेळले, मधल्या काळात राजस्थानकडून खेळले आणि उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद २४६ ही प्रथम श्रेणीतील आपली सर्वोच्च खेळी त्यांनी राजस्थानसाठी केली. पुढे १९६८-६९ पासून ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याकडून शेफील्ड शील्ड, म्हणजे तेथील राज्यांमधली प्रमुख स्पर्धा, खेळू लागले. त्या स्पर्धेत उतरलेले ते पहिले भारतीय होत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी हॅट्‌ट्रिक, म्हणजे लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी, साधली. जो खेळाडू इतक्या ठिकाणचा असतो तो बहुधा कोणत्याच एका ठिकाणचा उरत नाही. त्यांचा समाजही क्रिकेटमधून ओसरत गेला: १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर नरी कॉन्ट्रॅक्टर, पॉली उम्रीगर, फारुख इंजिनियर आणि सुरती असे चार पारशी होते, आणि १९७५ मध्ये इंजिनियर यांची अखेरची कसोटी झाल्यावर भारताच्या पुरुष कसोटी संघात पुन्हा पारशी खेळाडू दिसला नाही.

बेसबॉलच्या चाहत्यांनी अमेरिकेत विस्मरणाच्या या प्रश्नावर शोधलेला उपाय येथे विचारात घेण्याजोगा आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च’ या हौशी अभ्यासकांच्या संस्थेने प्रमुख लीगमध्ये एखादाच सामना खेळलेल्या खेळाडूचेही चरित्र लिहिण्याचा संकल्प सोडला आहे. आर्चिबाल्ड ‘मूनलाइट’ ग्रॅहम १९०५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच सामना खेळले, त्यातही फलंदाजीची पाळी त्यांच्यावर आली नाही, आणि पुढचे आयुष्य त्यांनी एका लहान गावात डॉक्टर म्हणून काढले. तरी त्यांचे आयुष्य आज तपशिलाने उपलब्ध आहे. आपल्याकडे आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्यासारख्यांनी आकडेवारीचे काम निष्ठेने केले, आणि त्यामुळे आकडे वाचले. माणसे वाचवण्याचे काम तेवढ्या शिस्तीने झाले नाही. जुन्या काळातील गोलंदाज पाळवणकर बाळू यांच्यासारखा अपवाद सांगता येतो, पण त्यांनाही रामचंद्र गुहांसारखा इतिहासकार मिळेपर्यंत वाट पाहावी लागली.

सुरत म्हटले की मराठी वाचकाला शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात, नाहीतर कापड आणि हिरे. क्रिकेट सहसा आठवत नाही. वास्तविक या शहरातील लालाभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियममध्ये २०१९ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांची टी-२० मालिका झाली, आणि जानेवारी २०१७ मध्ये गुजरातने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तो सुरतींच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबे धरून सुरतमध्ये आज खेळाचे चाहते उदंड आहेत. १९६८ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला प्रेक्षक किंवा श्रोता मात्र आता सत्तरी ओलांडून गेला आहे. अशा व्यक्ती घरात किंवा शेजारी असतील तर सुरतींच्या धावा त्यांना विचारू नयेत, त्या पुस्तकात आहेत. सुरती मैदानावर कुठे उभे राहत, नवा चेंडू कसा टाकत, त्यांच्या हातून सुटलेली धाव कुणी पाहिली का, हे विचारावे आणि ते नाव-गाव-तारखेसह लिहून ठेवावे.