कोलोनचे तरुण मनोरे

कोलोनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की काळवंडलेले दोन मनोरे अंगावर येतात. गाइड सांगतो, या कॅथीड्रलला ६३२ वर्षं लागली. १२४८ ते १८८०, वजाबाकी बरोबर आहे. पण त्यातून सहाशे वर्षं छिन्नी-हातोडा चालल्याचा समज होतो, तो खरा नाही. १५६० च्या सुमारास काम थांबलं ते जवळजवळ तीन शतकं. तोवर पूर्वेकडचा वेदीचा भाग पुरा झाला होता आणि पश्चिमेला दक्षिण मनोऱ्याचं साठेक मीटरांचं थोटूक उभं होतं. त्याच्या माथ्यावर दगड वर चढवायची लाकडी यारी तशीच राहिली. जुन्या चित्रांत कोलोन ओळखू येतं ते या यारीवरून. ती उतरवली १८६८ मध्ये.

मग काम पुन्हा सुरू का झालं? भक्ती वाढली म्हणून नव्हे. नेपोलियनच्या पाडावानंतर जर्मनांना आपल्या एकीची खूण हवी होती आणि हे अर्धवट चर्च त्यांना सापडलं. योगायोगही असा, की पश्चिम दर्शनी भागाचा मध्ययुगीन नकाशा, चार मीटरांहून उंच चर्मपत्र, तेव्हाच हाती लागला: अर्धा १८१४ मध्ये डार्मश्टाटला, उरलेला पुढे पॅरिसला. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने नव्या कामाची कोनशिला बसवली. राजा प्रोटेस्टंट, प्रजा कॅथलिक, आणि हा ऱ्हाइनकाठ प्रशियाला मिळून पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. चर्च पुरं करून देणं हा प्रजेला आपलंसं करण्याचा राजमार्ग होता. पैसा सरकारी तिजोरीतून आला, नागरिकांच्या संस्थेकडून आला, पुढे तर चक्क लॉटरीतून आला. छपराचा सांगाडा लाकडाऐवजी लोखंडाचा केला.

१५ ऑक्टोबर १८८० ला पूर्ततेचा सोहळा झाला. सम्राट पहिला विल्हेल्म हजर होता. ज्याचं ते चर्च, तो आर्चबिशप पाउलुस मेल्खर्स मात्र नव्हता. बिस्मार्कच्या सरकारने कॅथलिक चर्चशी मांडलेल्या झगड्यात त्याला देश सोडावा लागला होता. या एका गैरहजेरीतून त्या इमारतीबद्दल जे कळतं, ते गाइडच्या तासाभराच्या माहितीतून कळत नाही. १५७ मीटरांची ती तेव्हा जगातली सर्वांत उंच इमारत होती. आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. म्हणजे कोलोनचे मनोरे त्याहून दोन वर्षांनी धाकटे!

म्हणून त्यांना नकली म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. आराखडा जुना होता आणि तो निष्ठेने पाळला गेला. खोट आहे ती वय लपवण्यात. एकसारख्या काजळीमुळे तेराव्या शतकाचा दगड आणि एकोणिसाव्याचा दगड वेगळे ओळखू येत नाहीत, आणि कुणाला ओळखायचेही नसतात.

दुसऱ्या महायुद्धात या चर्चवर चौदा मोठे बॉम्ब पडले. काही छतं कोसळली, सांगाडा टिकला. गॉथिक बांधणीत भिंतीवर फारसा भार नसतोच. छताचा रेटा बाहेरच्या उडत्या कमानी पेलतात, मधली जागा काचेची. १९४३ मध्ये मात्र उत्तर मनोऱ्याच्या खांबाचा मोठा लचका तुटला आणि मनोरा पडायची भीती निर्माण झाली. घाईघाईत तिथे विटांचं बांधकाम भरलं. कोलोनकर त्याला दातात भरलेल्या सिमेंटसारखं ‘प्लोम्ब’ म्हणत. साठ वर्षं ते उघडं होतं. २००५ पर्यंत त्यावर दगड चढवून ते झाकून टाकलं. कारागिरी उत्तम आहे, पण निर्णय मला पटत नाही. बाकी सारा दर्शनी भाग पाहणाऱ्याला मध्ययुगात नेतो. आपण केव्हाचे आणि कशासाठी आहोत हे सरळ सांगणाऱ्या त्या विटाच होत्या. आता त्यांच्यासमोरून माणसं फोटो काढत पुढे जातात आणि गाइडच्या ६३२ वर्षांत १९४३ येतच नाही.