निषेधाचे शिक्षण

शिंपी, न्हावी, शस्त्रवैद्य आणि खिसेकापू हे चौघेही कापण्यावरच पोट भरतात. पण कापणे ही क्रिया मुळात पापाची की पुण्याची, असा प्रश्न कोणी केला तर आपण त्याला हसू. काय कापले, कोठे कापले आणि कोणासाठी कापले हे कळल्यावाचून कापण्याला बरे किंवा वाईट म्हणताच येत नाही, एवढे सर्वांस मान्य आहे. आम्हीही आजवर याच्या पलीकडे गेलो नव्हतो. परंतु जंतूंच्या शरीरात तयार होणाऱ्या कात्र्यांना हवे त्याच ठिकाणी कापण्याचे, आणि नको तेथे न कापण्याचे, वळण शास्त्रज्ञ आता लावू लागले आहेत. त्यांची हकीकत वाचल्यापासून ही सोपी गोष्ट आम्हाला तितकीशी सोपी वाटेनाशी झाली आहे.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांतून ओवलेली माळ. हे मणी म्हणजे अमायनो आम्ले. माळ स्वतःभोवती गुंडाळून एक ठराविक आकार घेते, आणि तो आकार जसा, तसे तिचे काम. अशा माळा तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, आपल्या पोटातही आहेत. आतड्यातील ट्रिप्सिन हे लायसीन व आर्जिनीन या दोन मण्यांच्या लगत पुढे तोडते. माळ डाळीतली की दुधातली, याची त्याला फिकीर नसते. कपडे धुण्याच्या पुडीत जे सब्टिलिसिन घालतात, ते बॅसिलस जातीच्या जंतूंचे विकर याहूनही बेफिकीर आहे. दुधाचा डाग असो, रक्ताचा असो, समोर येईल ती माळ ते तोडीत सुटते. धुण्याच्या बादलीत हा गुणच म्हणावयाचा. परंतु पेशीच्या आत, जेथे हजारो प्रकारच्या माळा आपापल्या कामात गढलेल्या असतात, तेथे असला मजूर सोडणे म्हणजे ग्रंथसंग्रहालयात वाळवी सोडण्यासारखेच आहे.

निसर्गाने मात्र काही चोखंदळ कात्र्याही घडविल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कात्री हे एक भयंकर विष आहे. जर्मनीतील व्युर्टेंबेर्ग येथे नासक्या सॉसेजमुळे माणसे लुळी पडून मरत असत. जुस्टिनुस केर्नर नावाच्या वैद्याने १८२० ते १८२२ च्या सुमारास या रोगाचे सविस्तर वर्णन केले. हा गृहस्थ कवीही होता, आणि त्या विषाची चव त्याने स्वतःवर घेऊन पाहिली होती. पुढे १८९५ साली बेल्जममधील एलेझेल या गावी एका अंत्यविधीसाठी जमलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांपैकी काही दगावले, आणि एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या मांसातून या विषाचा कर्ता जंतू वेगळा काढला. हेच बोटुलिनम. रक्तात गेल्यास ग्रॅमचा सुमारे एक कोटीवा भागदेखील प्रौढ मनुष्याचा प्राण घेण्यास पुरे, असा अंदाज केला जातो.

एवढे सामर्थ्य कशाचे, याचा उलगडा १९९२ व १९९३ साली झाला. हे विष म्हणजे प्रथिन तोडणारी कात्रीच आहे, आणि ती ज्या ठिकाणी तोडते ते ठिकाण थक्क करणारे आहे. मज्जातंतूच्या टोकाशी संदेशद्रव्याच्या सूक्ष्म कुप्या असतात. त्या योग्य वेळी फोडण्याच्या कामी स्नॅप-२५ नावाची २०६ मण्यांची एक माळ लागते. बोटुलिनमचा अ प्रकार या माळेचे शेवटचे ९ मणी तोडतो आणि इ प्रकार २६. बाकीची माळ जशीच्या तशी राहते, पण तेवढ्याने तंतू मुका होतो आणि स्नायू सैल पडतो. श्वासाचे स्नायू सैल पडले की मनुष्य संपतो. याउलट ओढ घेणारा डोळ्याचा स्नायूच तेवढा सैल पडला, तर तिरळा डोळा सरळ होतो. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट यांनी हा उपयोग सिद्ध केला व १९८९ साली अमेरिकन सरकारने त्यास मान्यता दिली. अशा विषाचा औषधी उपयोग होऊ शकेल, हे त्या वैद्यकवीला दीडशेहून अधिक वर्षे आधीच सुचले होते. कपाळाच्या आठ्या घालविण्यासाठी आज हेच विष टोचून घेतले जाते, हे मात्र त्याच्या कल्पनेत नसावे. आणि आठ्या पडण्यासारखे प्रसंग अवतीभोवती असता त्या पुसून टाकण्याची ही घाई आम्हाला काहीशी विनोदी वाटते.

येथपर्यंत निसर्गाने निवडलेल्या ठिकाणी मनुष्य कापीत होता. निवड त्याची नव्हती. ती त्याच्या हाती कशी आली, हाच या लेखाचा खरा विषय आहे. हार्वर्ड येथील डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली उत्क्रांतीला वेग देण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली, आणि २०२१ साली तीच युक्ती बोटुलिनमच्या केवळ कापणाऱ्या भागावर चालविल्याचा वृत्तांत दिला. युक्ती अशी: जंतूंवर जगणारे फेज नावाचे विषाणू एका भांड्यात वाढवावयाचे. त्या भांड्यात ताजे जंतू सतत येत राहतात व जुने वाहून जातात. फेजला वंश वाढविण्यासाठी जे एक प्रथिन अवश्य लागते, ते त्याच्याजवळून काढून घेऊन जंतूच्या कोठारात कुलुपबंद ठेवावयाचे आणि फेजच्या अंगी कात्रीचे जनुक द्यावयाचे. कुलुपाची कडी म्हणजे आपल्याला तोडावयाची असलेली माळ. ज्याची कात्री ती कडी तोडील, त्याची प्रजा वाढेल. इतर वाहून जातील. पिढ्यामागून पिढ्या जातात, जनुकांत चुका होत राहतात, आणि त्या चुकांतूनच हवी ती कात्री पुढे येते.

परंतु एवढेच केले तर काय होते? नवी माळ तोडावयास शिकलेली कात्री जुन्या माळाही सोडीत नाही, असा या मार्गातला अनुभव आहे. तिला नवे काम मिळते, जुनी खोड जात नाही. म्हणून दुसरे कुलूप लावतात, आणि ते उलट्या स्वभावाचे असते. जी माळ तोडू नये तिचीच कडी त्याला असते, आणि ती तुटली की फेजच्या प्रजेची वाढ बिघडविणारे प्रथिन बाहेर पडते. एका भांड्यात एकाच वेळी विधीही आणि निषेधही. तेव्हा कोठे अशी कात्री निपजली की, इ प्रकारच्या बोटुलिनमने आपले जन्मजात लक्ष्य सोडून दिले आणि पीटेन नावाचे एक निराळेच प्रथिन प्रयोगशाळेत वाढविलेल्या मज्जापेशींत तोडले.

आमच्या धर्मशास्त्रात विधी व निषेध यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. निषेध हा विधीच्या मागून येणारा, काहीसा रडका भाऊ, अशी आधुनिकांची समजूत असते. ‘हे करू नको, ते करू नको’ म्हणणारी आजी घरात कोणाला फारशी आवडत नाही. आम्हीही लहानपणी तिच्यावर चिडलो आहो. परंतु त्या भांड्यातले सामर्थ्य मुळापासूनच होते. कापण्याची कला त्या विकरास कोणी नव्याने शिकविली नाही. त्याला उपयोगी केले ते नकाराने.

तरीही या नकाराला विवेक म्हणावयास आमचे मन घेत नाही, आणि त्याचे कारण एका दुसऱ्या कात्रीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. घशाचा रोग करणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजीनस हा जंतू एक विकर सोडतो. आपल्या रक्तातील आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांच्या बिजागरीजवळ एका नेमक्या ठिकाणी ते कापते. पहारेकऱ्याचे शत्रूला धरणारे हात त्यामुळे धडापासून वेगळे होतात. जंतूने हे आपल्या बचावासाठी घडविले. मनुष्याने ते ई. कोलाय जंतूंकडून करवून घेऊन त्याचे औषध बनविले. ज्या रोग्याच्या रक्तातले प्रतिपिंड परक्या मूत्रपिंडाचा तत्काळ नाश करतील, त्याला मृत दात्याचे मूत्रपिंड बसविता यावे म्हणून इम्लिफिडेज नावाने युरोपात २०२० साली त्यास सशर्त परवानगी मिळाली. जागेच्या बाबतीत याहून चोखंदळ कात्री शोधून सापडावयाची नाही. पण ती पहारेकऱ्याच्या हातात काय आहे ते पाहत नाही. मूत्रपिंडावर उठलेला आणि रोगजंतूंवर उठलेला, दोघांचेही हात ती सारखेच तोडते. काही दिवस रोगी जवळजवळ निःशस्त्र असतो. त्या दिवसांत त्याला संसर्गापासून जपावे लागते, आणि मग प्रतिपिंड हळूहळू परत येतात. म्हणजे स्थान अचूक असले तरी हेतू अचूक होतोच असे नाही. तो रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याच्या ठिकाणी असतो, विकराच्या ठिकाणी नव्हे.

पीटेनचे तर याहून अवघड आहे. पीटेन हे पेशीला ‘वाढू नकोस’ असे सांगणारे प्रथिन आहे. ते नाहीसे केल्यास इजा झालेले मज्जातंतू पुन्हा वाढू शकतात, असे उंदरांच्या डोळ्यांच्या मज्जातंतूवरील प्रयोगांत २००८ साली दिसून आले. म्हणून ते तोडणारी कात्री उपकारक ठरेल अशी आशा. परंतु हेच पीटेन इतर पेशींत कर्करोगाला आळा घालते, आणि कित्येक कर्करोगांत ते बिघडलेले आढळते. तीच माळ, तोच छेद. मज्जापेशीत कदाचित जीवदान आणि शेजारच्या पेशीत कदाचित घात. दानाविषयी बोलताना आपले पूर्वज देश, काल आणि पात्र पाहावे असे सांगत. छेदाविषयीही तेच म्हणावे लागते. बोटुलिनमचा दुसरा भाग त्या कात्रीला मज्जापेशीच्या दारापर्यंत नेतो, एवढी देशाची सोय आहे. कालाची सोय, म्हणजे काम झाल्यावर थांबणे, हे तिच्या हाती नाही.

आमच्या एका शस्त्रवैद्य मित्रापाशी हा विषय निघाला असता तो म्हणाला, “कोठे कापावयाचे हे दोन वर्षांत शिकलो, कोठे कापू नये हे अजून शिकतो आहे. पुस्तकात नसलेली रक्तवाहिनी अवचित समोर येते, तेव्हा हात आपोआप थांबतो. तो का थांबला, हे मागाहून कळते.” आम्हाला वाटते, फरक येथे आहे. भांड्यातल्या कात्रीला जे नको म्हणून दाखविले, तेवढेच ती सोडते. मनुष्याच्या शरीरात प्रथिनांची सुमारे वीस हजार जनुके आहेत, आणि त्यांपैकी कडी म्हणून कुलुपात बसविता येतात ती फार थोडी. उरलेल्यांविषयी कात्रीला कोणी काही विचारलेलेच नसते. ते पुढे पेशींत घालून पाहावे लागते. आणि पाहणाऱ्याने जेथे डोळा लावला असेल तेवढेच त्याला दिसते.

म्हणून या शोधाला विरोध करावा असे आम्ही म्हणत नाही. लुळ्या झालेल्या हातापायांचे रोगी ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हे सांगण्याचा आमचा अधिकारही नाही. आमची मागणी लहान आहे. अशा एखाद्या विकराचे औषध जेव्हा बाजारात येईल, तेव्हा ते काय तोडते हे मोठ्या अक्षरांत छापले जाईलच. त्याच वेष्टनात, लहान अक्षरांत का होईना, काय तोडू नये म्हणून कोणकोणत्या माळा त्याच्यापुढे धरून पाहिल्या, त्यांची यादीही असावी. आणि ती कोणी केली, त्याचे नाव यादीखाली असावे.